बारावे कलम आणि बाजाररस्त्यावरचे घर

मी, श्रीमती रत्नमाला शमुवेल खंडारे, वय वर्षे शहात्तर, धर्म ख्रिस्ती, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार बाजाररस्ता, पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, पण डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचल्यावर काही लोकांना त्याबद्दल शंका येईल. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला आमचे दोन पाळक, म्हणजे धर्मगुरू, गेल्या महिन्यात येऊन गेले, पण चहा पिऊन परत गेले.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द समजावे. त्यात मी माझे राहते घर गावातल्या दोन्ही ख्रिस्ती मंडळ्यांना मिळून दिले होते. अट अशी की, दोन्ही मंडळ्यांनी विश्वासाच्या कलमांवर एकमत करावे आणि एका मेजावर प्रभुभोजन घ्यावे. माझे साक्षीदार ख्रिस्ती नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सांगते: येशूच्या मरणाची आठवण म्हणून मंडळी एक भाकर मोडून वाटून खाते आणि द्राक्षरस घेते, त्याला प्रभुभोजन म्हणतात. आमच्या गावात ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होते, दोन ठिकाणी, एकमेकांकडे पाठ करून.

२. मिळकतीचे वर्णन. बाजाररस्त्यावरील सिमेंटच्या स्लॅबचे घर, पुढे ओटा, मागे सुताराचे काम करण्याची टिनाची पडवी. चतुःसीमा: पूर्वेस हाफिज खान यांचे मोटारपंप दुरुस्तीचे दुकान, पश्चिमेस नाली, उत्तरेस श्रीमती कौसल्या इंगोले यांचे घर, दक्षिणेस रस्ता. हे घर माझ्या पगारातून आणि माझे पती कै. शमुवेल यांच्या हातून उभे राहिले. रस्ता रुंद झाल्यापासून पुढच्या ओट्यावर दुकाने निघतील असे मला बरेच जण सांगून गेले आहेत. त्यात दोन्ही मंडळ्यांचे खजिनदार आहेत.

३. मी जन्माने जुन्या मंडळीची. ही दगडी देवळाची, म्हणजे चर्चची, मंडळी लहान बाळांना बाप्तिस्मा देते. पाणी कोमट करून कपाळावर शिंपडतात, बाळ रडते, आणि पाळक ते रडणे साक्ष म्हणून धरतात. शमुवेलही त्याच देवळातला. आमचे लग्न तिथेच झाले. लग्नानंतर काही वर्षांनी तो बसस्टँडमागच्या नव्या मंडळीत जाऊ लागला. तिथे म्हणतात की, बाळाला काय कळते, माणसाने स्वतः विश्वास ठेवून, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा. शमुवेलने पूस नदीत बुडी घेतली. उन्हाळ्यात नदीला पाणी नसते, म्हणून नव्या मंडळीत पश्चात्ताप साधारण भाद्रपदात होतो. शमुवेल तर भर श्रावणात गेला, आणि सर्दी होऊन आला.

त्या दिवशी आमचे जे बोलणे झाले ते इथे लिहून ठेवते, कारण पुढे ऐक्य समितीने जे काही केले ते यापलीकडे गेले नाही.

मी विचारले, "मंग माह्या बाप्तिस्म्याचं काय? तो खोटा काय?"

तो टॉवेलने डोके पुसत म्हणाला, "पानी पडलं ना तुह्यावर. मी नाई म्हनत का नाई पडलं. पन तुले इचारलं होतं कोनी?"

"आईनं दूध पाजलं तवा तरी कोनी इचारलं होतं?"

तो पुष्कळ वेळ हसला. मग म्हणाला, "ते बी खरं हाय." पण परत आला नाही. मीही गेले नाही.

कोणी असे समजू नये की आम्हाला या गोष्टीचे महत्त्व नव्हते. "सगळे सारखेच आहे हो बाई, देव एकच," असे म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. सगळे सारखे नाही. देव आपल्याकडे आधी येतो की आपण त्याला हाक मारायची असते, हा प्रश्न लहान नाही. त्यावर मी शमुवेलशी आयुष्यभर भांडले आणि तेवढ्याच खुशीने त्याला डब्यात ठेचा-भाकर दिली. पहिल्या रविवारी आम्ही दोघे घरून सोबत निघायचो. चौकात तो उजवीकडे जायचा, मी डावीकडे. उपासना संपली की जो आधी येईल त्याने चौकात थांबायचे. मग तो गरम जिलेबी घ्यायचा आणि घरी एका ताटात आम्ही दोघे जेवायचो. मटण एका भांड्यातले चालत होते. फक्त ती भाकर चालत नव्हती.

४. ऐक्य समितीविषयी. दोन्ही मंडळ्यांनी एकत्र यावे असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना वाटू लागले, तेव्हा समिती झाली. आधी सिद्धांतावर एकमत, मग सहभागिता, म्हणजे एका मेजावर प्रभुभोजन, असे ठरले. समितीला एकमेकांच्या देवळात बसायचे नव्हते, म्हणून ती आमच्या घरी बसे. घर दोन्हीकडचे होते ना. शमुवेलने सागवानाचे मोठे मेज केले होते, त्याभोवती बसे. जुन्या मंडळीचे पाळक रेव्हरंड इंद्रजित तिरपुडे बिनसाखरेचा चहा घेत, नव्या मंडळीचे पास्टर देवसिंग आडे दोन चमचे जास्त साखर घेत. एवढा मतभेद मी चहाच्या एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात, सांभाळत होते.

बैठकीची सुरुवात प्रार्थनेने होई. तिरपुडेसाहेब डोळे मिटून देवाला सांगत की, हे प्रभू, तू बालकांना माझ्याकडे येऊ द्या असे म्हणालास. मग आडे पास्टर डोळे मिटून देवाला आठवण करून देत की, हे प्रभू, तू स्वतः बाप्तिस्मा घ्यायला यार्देन नदीत उतरला होतास. देवाला दोन्ही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात असा माझा अंदाज आहे. मी स्वयंपाकघरात पोहे टाकत असे, आणि आमेन ऐकू आले की कांदा घालीत असे.

बारा कलमे होती. देव एक आहे, पवित्र शास्त्र खरे आहे, तारण कृपेने आहे, ही कलमे भराभर झाली. प्रभूच्या दुसऱ्या येण्याच्या कलमाला एक उन्हाळा लागला. शेवटी असे ठरले की, तो येणार हे नक्की, केव्हा ते लिहायचे नाही. अकरा कलमे झाली. बारावे बाप्तिस्म्याचे. तिथे जे घोंगडे भिजत पडले ते पडले. समितीतले दोघे वारले, एक मुलाकडे नागपूरला गेला, घोंगडे तिथेच.

मी एकदा चहाचे कप उचलताना विचारले, "अकरा कलमं पटली ना? मग अकरा कलमांएवढं तरी सोबत जेवा."

तिरपुडेसाहेब म्हणाले, "बाई, सहभागिता किलोवर देता येत नाही."

हे वाक्य मला आवडले होते, हे मान्य करते.

५. माझे पती शमुवेल यांची किडनी गेली. शेवटी तो मधल्या खोलीत खाटेवर होता. पुढच्या खोलीत समिती बसली होती, कारण तारीख आधीच ठरली होती. त्याने दोन्ही पाळकांना आत बोलावले. तो बोलून थकायचा, म्हणून थोडेच बोलला.

"माही एकच मागनी हाय. तुमी दोघं मिळून एक भाकर मोडा. मले अन् हिले द्या. आमी एवढी वर्सं एका घरात राह्यलो, पन ते एक सोबत नाही केलं."

तिरपुडेसाहेब खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, हे मी पाहिले. ते म्हणाले, "शमुवेलभाऊ, हा विषय समितीसमोर आहे."

आडे पास्टर म्हणाले, "दादा, बारावं कलम होऊ द्या. मंग सगळ्यात पयले तुमालेच देतो."

मग दोघांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. दोन्ही प्रार्थना चांगल्या होत्या. त्यानंतर समितीच्या इतिवृत्तात "खंडारे दांपत्याची विनंती, पुढील बैठकीत विचारार्थ" अशी नोंद झाली. पुढील बैठक शमुवेलच्या दफनामुळे तहकूब झाली.

काही जण म्हणतील की, तुम्ही दोघांनीच घरात पोळी मोडायची होती, देवाने पाहिलेच असते. मी तसे करणार नव्हते आणि तोही करणार नव्हता. आम्हाला ते मंडळीच्या हातून हवे होते. घरातली पोळी आम्ही रोजच खात होतो. मला त्या दिवशी राग आला आणि तो अजून आहे. रडू पुष्कळ नंतर आले, पडवीत त्याचा रंधा झाकून ठेवताना.

६. पहिले मृत्युपत्र का केले आणि रद्द का केले. मला वाटले, जे त्याला जिवंतपणी मिळाले नाही ते आमच्या घराच्या बळावर मिळवावे. म्हणून वर सांगितलेली अट घातली. मृत्युपत्र गुप्त असते असे वकिलांनी सांगितले होते. पण ज्याने ते टाइप केले त्याची सासू नव्या मंडळीत गाते, आणि त्याची बायको जुन्या मंडळीत. ते गुप्त राहणे कठीणच होते.

आठवडा झाला नाही तोच दारात एक ऑटो थांबला. तिरपुडेसाहेब आणि आडे पास्टर एकाच ऑटोतून उतरले. त्या दोघांना एका वाहनात मी प्रथमच पाहिले. भाडे कोणी द्यायचे यावरून त्यांचे जरा झाले, पण तेही प्रेमाने. त्यांच्याजवळ सह्या झालेला ऐक्याचा करार होता. गंगेत घोडे न्हाले, असे बाहेर लोक म्हणत होते. बुडवून न्हाले की शिंपडून, एवढेच मला बघायचे होते.

मी चष्मा लावून वाचला. अकरा कलमे होती.

"बाराव्याचं काय झालं?" मी विचारले.

"वगळलं," तिरपुडेसाहेब म्हणाले.

"म्हणजे पटलं?"

"पटलं असं नाही. वगळलं."

"केव्हा?"

"परवा संध्याकाळी," आडे पास्टर म्हणाले. "लय वेळ नाई लागला, बाई."

मी चहा ठेवला. बिनसाखरेचा एक, जास्त साखरेचा एक. मग विचारले, "बरं झालं. मग येत्या रविवारी एका मेजावर बसताय ना? मी भाकर करते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग तिरपुडेसाहेब घसा साफ करून म्हणाले, "बाई, आधी घराचं ते बक्षीसपत्र करून टाकलं तर बरं. मृत्युपत्राला पुढे फाटे फुटतात. घर एकदा दोन्ही मंडळ्यांच्या नावावर झालं की लगेच करू. तोवर प्रभुभोजन आपापल्या ठिकाणी."

आडे पास्टर कपात चमचा फिरवत राहिले.

मी म्हटले, "शमुवेल आतल्या खाटेवर होता, तेव्हा हे कलम एका संध्याकाळी वगळता आलं नाही. काहून?"

चहा मात्र दोघांनी संपवला.

दुसऱ्या दिवशी आडे पास्टर एकटे आले. ओट्यावरच बसले, आत या म्हटले तरी आले नाहीत. म्हणाले, "बाई, दादाले त्या दिवशी द्याचं माह्या मनात होतं. पन दिलं असतं तर आमच्या लोकायनं मले ठेवलं नसतं. अन् आता हेच लोक म्हनून राह्यले का सही करा." ते रडले. मी त्यांना पाणी दिले. तिरपुडेसाहेब आले नाहीत, पण त्यांनी चिठ्ठी पाठवली की, बालकांच्या बाप्तिस्म्याबद्दल त्यांचे मत तसूभरही बदललेले नाही, आणि हे मला कळावे. ती चिठ्ठी वाचून मला बरे वाटले.

मी ही दोन्ही माणसे जवळून ओळखते. तिरपुडेसाहेब हट्टी आहेत आणि आडे पास्टर भित्रे आहेत, पण दोघेही खोटे नव्हते. आपल्याला जे खरे वाटते त्यासाठी ते एका मरणाऱ्या माणसाला नाही म्हणाले. ते क्रूर होते, पण खरे होते. माझ्या घराने त्यांना खोट्या कागदावर सही करायला लावली. म्हणून घर मध्ये नको. ते मी काढून घेते.

७. तरी माझे वर वर्णन केलेले घर, जमिनीसह, मी माझी भाची कु. एस्तेर दयानंद वानखडे, शमुवेलच्या बहिणीची मुलगी, सरकारी दवाखान्यात परिचारिका, हिला देते. तिने शमुवेलचे सगळे केले आणि आता माझे करते. ती कोणत्या मंडळीची, असा प्रश्न विचारला जाईल. रविवारी तिची ड्युटी असते. तिला हे सांगितले तेव्हा म्हणाली, "मामी, मले घर नको, भांडनं होतीन." म्हणूनच तिला देते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ओट्यावर दुकाने काढायची की नाही हे तिचे तिने ठरवावे. दोन्ही खजिनदारांचा सल्ला घेऊ नये.

८. शमुवेलची हत्यारे, म्हणजे रंधे, करवती, पटाश्या, गुण्या आणि हातोड्या, उमरखेडच्या साजिद मिस्त्री यांना द्यावीत. त्यांनी शमुवेलसोबत दोन्ही मंडळ्यांची प्रभुभोजनाची मेजे केली आहेत. एकाच सागवानाच्या ओंडक्यातून दोन मेजे निघाली, हे त्यांना माहीत आहे. समितीला कधी सांगितले नाही, नाहीतर तेरावे कलम निघाले असते.

९. जुन्या मंडळीतल्या मथुराबाई सरोदे यांना माझी लोणच्याची मोठी चिनी बरणी द्यावी. शमुवेलच्या दफनाच्या वेळी त्या मोठ्याने म्हणाल्या होत्या की, नव्या मंडळीच्या माणसाला आपल्या लोकांच्या ओळीत जागा कशाला. नाकाने कांदे सोलायची त्यांची जुनी सवय आहे. दफनभूमी गावात एकच आहे आणि तिथे आतापर्यंत कोणी बारावे कलम विचारलेले नाही. मी त्यांना क्षमा केली आहे. बरणीत काही घालून देऊ नये, रिकामीच द्यावी.

१०. माझी पुस्तके कौसल्याबाईंना द्यायची होती, पण कौसल्याबाई साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही दिले तर ते रद्द होते असे वकील म्हणाले. म्हणून पुस्तके एस्तेरने तिला वाटेल तिथे द्यावीत. हाफिजभाईंनाही यामुळे काही देता येत नाही. त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, "आपा, सही देतो. सामान ठेवाले माह्याकडं जागा कुठं हाय?" या कागदाभोवती काहीही न मागता आलेली माणसे हीच दोन.

११. मला शमुवेलच्या शेजारी पुरावे. दोन्ही पाळकांनी यावे. प्रत्येकाने एक गीत म्हणायला सांगावे आणि एकच प्रार्थना करावी, आणि त्या प्रार्थनेत पाण्याचा उल्लेख नसावा. ऐक्यावर भाषण नको. माझ्या सद्गुणांवरही नको, ते लवकर संपतील आणि वेळ उरेल.

१२. दोन्ही मंडळ्यांना मी काही देत नाही. घर नाही, मेज नाही, दागिना नाही. शमुवेलने केलेले जे मेज माझ्या पुढच्या खोलीत आहे तेही एस्तेरचे. मंडळ्यांनो, तुमचा तो करार मी वाचून परत पाठवला आहे. तो फाडा, किंवा बारावे कलम त्यात परत लिहा. जसे आहे तसे लिहा: तिरपुडेसाहेबांचे मत एका बाजूला, आडे पास्टरांचे दुसऱ्या बाजूला, पूर्ण, काही न लपवता. त्याखाली दोघांनी सही करा की, या गोष्टीवर आमचे पटत नाही आणि आम्ही त्यावर भांडत राहणार आहोत. असा कागद मी माझ्या संसारात आयुष्यभर चालवला आहे. तो टिकतो.

आणि मग, मला मातीत ठेवल्यानंतर जो पहिला रविवार येईल, त्या दिवशी एका ठिकाणी बसून एक भाकर मोडा. शमुवेलला त्याचा काही उपयोग नाही आणि मलाही नाही. आम्ही दोघे त्या वेळी चौकाच्या पलीकडे असू. कोणी विचारेल की, न बसल्यास काय? तर काहीही नाही. कोणाचे काही जाणार नाही. बसल्यास काय मिळणार? तेही काही नाही. मी तशी पूर्ण व्यवस्था करून ठेवली आहे. इतकी वर्षे तुम्ही अडून होता तेव्हा तुमच्यासमोर बारावे कलम होते, आणि एका संध्याकाळी तुम्ही घाई केलीत तेव्हा घर होते. आता एकत्र बसून मिळण्यासारखे काहीच उरलेले नाही. आता बसा.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमोर सही करून दिले आहे.

रत्नमाला शमुवेल खंडारे
(सही)

साक्षीदारांचे निवेदन: श्रीमती खंडारे यांनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि चहासाठी थांबा म्हणत होत्या. साक्षीदाराला मजकूर पटला पाहिजे अशी कायद्याची अट नाही असे आम्हाला सांगण्यात आले. यातील बरेचसे आम्हाला समजलेही नाही. आम्ही शेजारी म्हणून बसलो आणि सही केली.

१. हाफिज खान, मोटारपंप दुरुस्ती, बाजाररस्ता, पुसद (सही)

२. कौसल्या धम्मरत्न इंगोले, निवृत्त शिक्षिका, बाजाररस्ता, पुसद (सही)

ठिकाण: पुसद, जिल्हा यवतमाळ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४